पायाखालची ओल

काचेची दोन मोजपात्रं घ्या, प्रत्येकी १०० मिलिलिटरची. भारी काळी माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीनं चाळा आणि दोन्ही पात्रांत दहा-दहा ग्रॅम टाका. एकात पाणी भरा, दुसऱ्यात रॉकेल. अडकलेली हवा निघून जावी म्हणून कांडीनं हळूच ढवळा आणि पात्रं २४ तास हलवू नका. दुसऱ्या दिवशी रॉकेलातली माती होती तेवढीच तळाशी बसलेली दिसेल. पाण्यातली माती फुगलेली असेल. जमीन खरोखर भारी असेल, तर ती रॉकेलातल्या मातीच्या दीडपट, कधी दुप्पट जागा व्यापून बसते. दोन पात्रांतल्या पातळ्यांमध्ये जेवढा फरक, तेवढी ती माती घराला त्रास देणार.

ही चाचणी भारतीय मानकांत दिलेली आहे. तिला मोठं यंत्र लागत नाही की फार पैसा लागत नाही. तरीही विदर्भ-मराठवाड्यापासून सोलापूर-सांगलीपर्यंतच्या काळ्या पट्ट्यात बंगला बांधणारी बहुतेक मंडळी टाइल्सचा रंग पसंत करायला चार दुकानं फिरतात आणि पायाखालच्या मूठभर मातीची परीक्षा करायची राहून जाते. याचं मला फार वाईट वाटतं. पुढं भिंतींना तडे गेले की गवंडी बदलतो, सिमेंटची कंपनी बदलते, शेवटी वास्तुदोषापर्यंत गोष्ट जाते. मातीकडे कोणी पाहत नाही.

दख्खनच्या पठारावर साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचले. त्या बेसाल्टची झीज होऊन बनलेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांच्या चळती. पाण्याचे रेणू या पापुद्र्यांमध्ये शिरतात आणि त्यांना एकमेकांपासून दूर ढकलतात. रॉकेलाला ते जमत नाही. उन्हाळ्यात पाणी उडून गेलं की पापुद्रे पुन्हा जवळ येतात, माती आकसते आणि रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेताला त्याचा फायदाच होतो, कारण वरची भुसभुशीत माती त्या भेगांत उतरते आणि रान आपोआप खालीवर होतं. घराला मात्र जमिनीची ही वर्षातली हालचाल सोसत नाही.

जुन्या गावांनी वस्तीची जागा निवडताना हे भान ठेवलं होतं. पीक काळीत आणि वस्ती पांढरीत, अशी जमिनीची वाटणीच होती. गावठाण बहुधा उंचवट्यावर असे. पांढरी माती भेगाळत नाही, म्हणून धाब्याच्या घरांवरही तीच पसरत. गेल्या काही दशकांत शहरं वाढली, शेतं एनए झाली आणि वस्ती मोठ्या प्रमाणावर काळीत उतरली. प्लॉट पाडून, हद्दीचे दगड रोवून, चुन्याच्या फक्क्या मारल्या तरी खालची माती शेताचीच राहते.

पाण्यानं घराचं नुकसान होतं, असं आपण सरसकट म्हणतो. काळ्या जमिनीत ते जरा नेमकं करून सांगायला हवं. घराखालची सगळी माती सारखी भिजली आणि सारखी फुगली, तर अख्खं घर थोडं वर उचललं जाईल आणि उन्हाळ्यात पुन्हा खाली बसेल; भिंतीला काही होणार नाही. घर तडकतं ते एक कोपरा भिजतो आणि दुसरा कोरडा राहतो म्हणून. पावसाळ्याच्या तोंडावर घराच्या कडेची माती आधी भिजते आणि कडा उचलल्या जातात. मार्च-एप्रिलमध्ये उलटं होतं. कडेची माती उन्हानं सुकून आकसते. मधल्या मातीवर घराचं छत्र असल्यामुळे तिथली ओल टिकून राहते. मग कडा खचतात आणि मधला भाग उंच राहतो. दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरका वर गेलेला तडा या ओढाताणीतूनच येतो. तो वरच्या बाजूला रुंद असेल तर बहुधा घराची टोकं खाली गेली आहेत. खालच्या बाजूला रुंद असेल तर मधला भाग बसला आहे. सरळ, केसाएवढ्या, गिलाव्यापुरत्या चिरांचा यात हिशेब धरू नये. त्या बहुतेक वेळा गिलावा सुकताना पडलेल्या असतात.

यात हलक्या घरांचे जास्त हाल होतात. फुगणारी माती वर जो रेटा देते, तो चौरस मीटरला दहा-वीस टन, कधी त्याहूनही जास्त भरतो. एकमजली घराच्या भिंतीखालून मातीवर येणारा भार सहसा त्याच्यापेक्षा कितीतरी कमी असतो. फरशीचं तर विचारूच नका. कोबा आणि टाइल्स मिळून चौरस मीटरला अर्धा टनही होत नाही. म्हणून तीन-चार मजली इमारत जागच्या जागी उभी राहते आणि तिच्याच कंपाउंडची भिंत नागमोडी होऊन तडकते. माणसं म्हणतात, एवढंसं तर घर, त्याला खोल पाया कशाला? काळ्या मातीत एवढ्याशा घरालाच खोल पाया लागतो.

त्यात भर पडते भरावाची. पाया खणताना काळ्या मातीचा ढीग निघतो. तो उचलून न्यायला पैसे पडतात आणि मुरमाची ट्रॉली आणायलाही पैसे पडतात. मग तीच माती जोत्याच्या चौकटीत परत लोटली जाते. वरून थोडा मुरूम, त्यावर सोलिंग, कोबा, टाइल्स. वास्तुशांतीच्या दिवशी काही दिसत नाही. एक-दोन पावसाळ्यांत हॉलच्या मधल्या टाइल्स उचलल्यासारख्या वाटतात, टकटक केलं की खाली पोकळ वाजतं. आतलं दार फरशीला घासायला लागतं. सुतार येऊन दाराची खालची कड रंधून देतो, आणि उन्हाळ्यात त्याच दाराखाली बोटभर फट दिसते. यावर नंतर केलेला कुठलाही उपाय फरशी उखडल्याशिवाय होत नाही. त्यामुळे बांधताना एका गोष्टीवर ठाम राहावं: जोत्यात भराव मुरमाचाच, तोही वीतभर जाडीच्या थरांनी, प्रत्येक थरावर पाणी मारून आणि धुमस करून. निघालेली काळी माती त्याच दिवशी प्लॉटबाहेर जाऊ द्यावी.

काळ्या थराची जाडी जागोजाग बदलते. टेकडीच्या उतारावर दोन-तीन फुटांवर मुरूम लागतो, आणि तसा तो लागत असेल तर पाया मुरमात नेऊन टेकवण्यासारखं दुसरं सुख नाही. तापी, पूर्णा, गोदावरी, भीमा यांच्या खोऱ्यांत मात्र कित्येक मीटर खणलं तरी काळीच माती निघते. अशा जागांसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं १९५० च्या दशकापासून एक पद्धत विकसित केली. हातानं फिरवायच्या मोठ्या गिरमिटानं जमिनीत सरळ गोल भोक पाडत जायचं, साधारण साडेतीन मीटर खोल. तेवढ्या खोलीखालच्या ओलाव्यात ऋतूप्रमाणे फारसा फरक पडत नाही. भोक झालं की मिटलेली पाती असलेलं एक अवजार तळाशी उतरवतात. वरून दाबून फिरवलं की पाती उघडतात आणि तळाची माती चहूबाजूंनी कोरतात. तिथं भोकाच्या व्यासाच्या अडीचपट रुंदीचा फुगवटा तयार होतो. मग सळ्यांचा पिंजरा सोडून काँक्रीट भरायचं. वरची माती कितीही फुगली, आकसली तरी हा खांब तळाच्या फुगवट्यानं जमिनीत धरलेला राहतो. खांबांच्या डोक्यांवरून जोत्याचं बीम जातं, आणि त्या बीमच्या खाली जमिनीपासून किमान आठ सेंटिमीटर मोकळी जागा सोडायची असते, म्हणजे फुगलेली माती बीमला खालून ढकलत नाही. प्रत्यक्ष कामावर नेमकी हीच फट बुजलेली सापडते. बीमचं काँक्रीट ओतायचं म्हणून खाली माती भरतात आणि ती नंतर काढायची राहून जाते. काम चालू असताना वाकून ती फट डोळ्यांनी पाहून घ्यावी. पुढं ती कोणालाच दिसणार नसते.

दुसरा विचार मुंबईच्या आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांनी मांडला. काळ्या मातीवर वाळूची गादी घालायची जुनी रीत होती. पण वाळूतून पाणी मोकळेपणी खाली उतरतं आणि तिथंच साठूनही राहतं. कट्टींनी न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा, साधारण मीटरभर जाडीचा, नीट दाबलेला थर काळ्या मातीच्या डोक्यावर घालायला सांगितलं. मुरमाड लाल मातीसारखी माती यासाठी चालते. हा थर फुगवट्याला आवर घालतो. कालव्यांच्या अस्तराखाली ही पद्धत पुष्कळ वापरली गेली. आपल्या घरांच्या फरशीखालीही तीच बुद्धी चालते.

आता बांधून झालेल्या घराकडे येऊ, कारण वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांचं घर उभंच असणार. पायाशी येणारं पाणी कुठून येतं? भूजल फार कमी ठिकाणी दोषी असतं. मोठा वाटा असतो आपल्याच छपराचा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १०,००० लिटर पाणी खाली येतं. पाण्याच्या मोठ्या टँकरएवढं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी एवढ्याच गच्चीवरून ९४,००० लिटरहून जास्त पाणी उतरलं. आणि हे सगळं पाणी आपण तीन-चार पाइपांतून घराच्या कोपऱ्यांवर आणून सोडतो. कितीतरी घरांचा पावसाळी पाइप जमिनीपासून वीतभर वर संपतो. त्याच्या तोंडाखाली खळगा पडलेला असतो, खळग्याभोवती शेवाळ, आणि पाहावं तर बरोबर त्याच कोपऱ्यातून तडा वर गेलेला. पाइपाला एक बाक जोडून पाणी उघड्या गटारात किंवा भिंतीपासून चार-पाच मीटर लांब नेऊन सोडलं, तर निम्मं काम झालं. पाऊसपाणी जिरवण्यासाठी खड्डा घेतात तोही घराला चिकटून नसावा. पुनर्भरणाचं काम चांगलंच आहे, पण काळ्या जमिनीत पायालगत पाणी जिरवणं म्हणजे रोग विकत घेणं.

भिंतीभोवती बाहेरच्या बाजूला फरसबंदीचा पट्टा हवा. तो किमान एक मीटर रुंद असावा, भारी काळ्या मातीत त्याहूनही जास्त, आणि उतार बाहेरच्या बाजूला. या पट्ट्यामुळे पावसाचं पाणी भिंतीपासून लांब पडतंच, शिवाय उन्हाळ्यात कडेची माती लवकर सुकतही नाही. दोन्ही ऋतूंत ओलावा सारखा ठेवायला तो मदत करतो. भिंत आणि पट्टा यांच्या सांध्यात फट पडली की त्या फटीतून पाणी नेमकं पायाशी उतरतं. दरवर्षी मे महिन्यात ती डांबरानं किंवा लवचीक सीलंटनं भरून घ्यावी.

छपराखालोखाल दोषी असतात आपलेच नळ आणि मोऱ्या. सेकंदाला एक थेंब गळणारा जोड दिवसाला दहा-पंधरा लिटर पाणी सोडतो. जमिनीखालच्या पाइपात हे होत असेल, तर वर्षाला चार-पाच हजार लिटर पाणी एकाच कोपऱ्यात मुरतं आणि कोणाला पत्ताही लागत नाही. उन्हाळ्यात अंगणातलं सगळं गवत जळलेलं असताना बाथरूमच्या मागं एवढाच तुकडा हिरवागार दिसला, तर तिथं खणून पाहावं. न्हाणीचं पाणी केळीला सोडायची आपली पद्धत छान आहे. फक्त केळ भिंतीपासून लांब लावावी. भिंतीला चिकटून वाफे करून रोज पाणी घालणं काळ्या मातीत टाळावंच. मोठ्या झाडांचं उलटं आहे. त्यांची मुळं घराखालची ओल शोषतात आणि त्या बाजूची माती आकसून खचते. झाड पूर्ण वाढल्यावर जेवढं उंच होईल, साधारण तेवढ्या अंतरावर ते लावावं. जुनं मोठं झाड घराजवळ असेल तर एकदम तोडूही नये. मुळांचं शोषण थांबलं की माती पुन्हा ओली होऊन फुगते आणि घर दुसऱ्या बाजूनं उचललं जातं.

आतापर्यंत पाण्यानं माती हलवली. काही घरांत माती जागची हलत नाही, पण पाणी भिंतीतून वर चढतं. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसं विटेच्या आणि दर्जांच्या बारीक छिद्रांतून पाणी चढत जातं. छिद्राची त्रिज्या मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी असेल, तर हिशेबानं ते दीड मीटरपर्यंत जाऊ शकतं. प्रत्यक्षात भिंतीवर मीटरभर उंचीपर्यंत ओलीचा पट्टा दिसतो. पाण्याबरोबर मातीतले क्षार येतात, भिंतीच्या पृष्ठभागाशी पाणी उडतं आणि क्षारांचे खडे मागं राहतात. हाच लोणा. हे खडे छिद्रांत वाढताना विटेला आतून फोडतात, म्हणून रंगाचे पोपडे सुटतात, गिलावा भुरभुर गळतो. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात जमिनीतलं पाणीच खारं, तिथं लोण्याचा जोर विशेष.

यावरचा इलाज भिंत बांधतानाच करायचा असतो. जोत्याच्या पातळीवर, सबंध भिंतीच्या रुंदीत, पाणी न शोषणारा एक थर घालायचा, आणि जोतं आजूबाजूच्या जमिनीपासून निदान ४५ सेंटिमीटर उंच ठेवायचं. राष्ट्रीय बांधकाम संहितेत ही उंची सांगितली आहे. वाडे बांधणाऱ्यांनी हेच काम काळ्या घडीव दगडाच्या उंच जोत्यांकडून करून घेतलं. घट्ट बेसाल्ट पाणी फारसं शोषत नाही, आणि वीट व लाकूड त्याच्यावर सुरू होई. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. आत आज जे पाहायला मिळतं त्यात बहुतेक अशी दगडी जोतीच आहेत. जुन्या माती-चुन्याच्या भिंतीला ओल आली म्हणून तिच्यावर जाड सिमेंटचा गिलावा चढवण्याची चाल मात्र घातक आहे. चुन्यातून बाहेर पडणारी वाफ सिमेंट अडवतं, अडकलेलं पाणी आणखी वर चढतं, आणि दोन हात उंचीवर असलेली ओल पुढच्या वर्षी खिडकीच्या वर दिसते. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा द्यावा.

चांगलं जोतं असूनही ते निकामी होतं, ते बाहेरची जमीन उंच झाल्यामुळे. अंगणात एकदा फरशी, तिच्यावर पेव्हर ब्लॉक, आणि बाहेर रस्त्यावर दर डांबरीकरणात जुना थर न खरवडता नवा थर. पुण्या-मुंबईतल्या कित्येक जुन्या सोसायट्यांची तळमजल्याची दारं आज रस्त्याच्या पातळीखाली गेली आहेत. रहिवासी पंप घेऊन बसतात आणि चूक मात्र त्यांच्या इमारतीची ठरते. जुना थर काढूनच नवा घालायचा, ही मागणी प्रत्येक सोसायटीनं लेखी आणि वेळेवर, रोलर येण्याआधी करावी.

कोकणात जमीन फुगण्याचा हा त्रास नाही. तिथं पाऊसच एवढा, की ३,००० मिलिमीटरच्या हिशेबानं त्याच १०० चौरस मीटर छपरावरून चार महिन्यांत तीन लाख लिटर पाणी येतं. जांभ्याचा चिरा सच्छिद्र, पाणी पिणारा. म्हणून उंच जोतं, उतरतं कौलारू छप्पर, भिंतीच्या पुष्कळ बाहेर आलेली वळचण आणि झडीच्या बाजूला झापं, ही सगळी मांडणी पाणी भिंतीला शिवू नये यासाठीच होती. पागोळ्या पडतात त्या रेषेवर चिरे किंवा दगड बसवलेले असत, म्हणजे माती उकरली जात नाही. आता स्लॅबची घरं आली, वळचण गेली आणि पागोळ्यांची जागा भिंतीच्या बुडाशी आली. डोंगर कापून बसवलेल्या घराला वरच्या अंगानं पाणी अडवून बाजूला नेणारा चर लागतो, आणि मागच्या भिंतीत पाणी निघायला भोकं लागतात. ती भोकं मातीनं बुजली की भिंतीमागं पाण्याचा दाब साठतो. पाणी एक मीटर उंच साठलं की तळाशी चौरस मीटरला एक टन.

हा दाब पुरानंतर फार फसवतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात कृष्णा-पंचगंगेचं पाणी घराघरांत शिरलं. पाणी ओसरलं की पहिली घाई होते ती तळघर उपसायची. पण बाहेरची माती अजून पाण्यानं गच्च असते आणि आतलं पाणी तळघराच्या भिंतीला आतून आधार देत असतं. ते एका दमात उपसलं तर ती भिंत आत ढकलली जाते, फरशी खालून उचलली जाते. आधी फूटभर उपसावं, भिंतीवर खूण करावी, रात्र जाऊ द्यावी. पाणी पुन्हा वर चढत असेल तर थांबावं. जमिनीखालची रिकामी टाकीसुद्धा अशा वेळी वर उचलली जाते, म्हणून पूर पूर्ण उतरेपर्यंत ती भरलेली ठेवावी.

तडे गेलेल्या घराचं काय करायचं, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तर असं, की आधी बाहेरचं काम: पाइप, गटार, पट्टा, गळके जोड. तडा भरायची घाई नको. त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहावी. तड्यावर आडवी पातळ काचेची पट्टी ठेवून तिची दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसनं भिंतीला चिकटवावीत. मग एक अख्खं वर्ष जाऊ द्यावं, उन्हाळा आणि पावसाळा धरून, कारण काळ्या मातीतला तडा मे महिन्यात उघडतो आणि ऑगस्टमध्ये मिटतो, आणि मेमध्ये सिमेंटनं गच्च भरला तर मिटताना शेजारची भिंत फोडतो. वर्षाअखेर काच अखंड असेल आणि तडा पेन्सिलीच्या रेघेच्या पुढं गेला नसेल, तर हालचाल थांबली. आता तो जरा खोदून, साफ करून, लवचीक मसाल्यानं भरावा आणि रंग द्यावा. काच तडकली असेल तर ज्या महिन्यात तडकली तो महिना लिहून ठेवावा. स्ट्रक्चरल इंजिनिअर येईल तेव्हा त्याला पहिल्यांदा तोच सांगायचा आहे.